विस्तवाविना पदार्थ आणि मुलांची मराठी

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा चिटणीसांनी घेतलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी दडपे पोह्यांविषयी बोलणार आहे.

हैदराबादेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी नामे पुष्कळ येतात. काकडी, गूळ, कोथिंबीर हे शब्द घरात कानांवर पडतातच. उणीव भासते ती क्रियापदांची. बालवर्गातले मूल 'पील करते', 'मिक्स करते', 'क्रश करते', 'रोल करते'. सोलणे, कालवणे, कुस्करणे, वळणे या निरनिराळ्या क्रिया त्या एका 'करणे'मध्ये विरघळून जातात. फळ्यावर लिहून हे शब्द मुलांच्या तोंडी बसत नाहीत. हाताला काम मिळाले, की ते आपसूक येतात. शेगडी न पेटवता होणारे पदार्थ आपल्या घरांत इतके आहेत, की त्यासाठी बिस्किटांवर क्रीमचे डोळे-नाक काढण्याच्या उपक्रमाकडे वळण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

दडपे पोहेच घ्या. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी खवलेला ओला नारळ, बारीक चिरलेला एक कांदा, अर्ध्या लिंबाचा रस, चवीपुरते मीठ आणि साखर. चिरणे व खवणे मोठ्यांनी करावे. पोहे निवडणे, कोथिंबिरीची पाने खुडणे, लिंबू पिळणे आणि मीठ भुरभुरवणे हे चार-पाच वर्षांच्या मुलाला सहज जमते. सगळे कालवून वर झाकण ठेवायचे आणि त्यावर वजन ठेवून पंधरा-वीस मिनिटे दडपायचे. नारळाचा आणि कांद्याचा ओलावा पोह्यांत मुरतो, पाणी घालावे लागत नाही. 'दडपे' हे नाव का पडले, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फोडणी हवीच असेल, तर ती आईने किंवा बाबांनी मागाहून घालावी.

दाण्याच्या लाडवात तर गणितही आहे. एक वाटी भाजलेल्या दाण्यांचे कूट, पाऊण वाटी किसलेला गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर वेलचीपूड. 'पाऊण' म्हणजे किती, हा प्रश्न आपल्या चौथीतल्या मुलांनाही अडतो. सव्वा, दीड, अडीच यांचीही तीच गत. वाटीत तीन भाग गूळ भरून चौथा रिकामा ठेवला, की पाऊणकी डोळ्यांना दिसते. गूळ कमी पडला तर लाडू फुटतो, जास्त झाला तर हाताला चिकटतो. मुलाला तो फुटू द्यावा. आई-आजींना विनंती आहे, की लाडू वेडावाकडा झाला म्हणून तो पुन्हा वळून देऊ नये. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. अख्खे दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून त्यांच्यापुढे कूटच ठेवावे. वर्गात हे करताना कोणाला दाणे सोसत नाहीत का, याची आम्ही घरी आधी चौकशी करतो.

आपण ज्या भूमीत राहतो, तिचेही यात देणे आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, चिंच एकत्र करतो. त्याच सकाळी शेजारच्या तेलुगू घरात कडुलिंबाचा मोहोर, गूळ, चिंच आणि कैरी घालून उगादि पच्चडि कालवली जाते. तिलाही विस्तव लागत नाही. रामनवमीला त्यांच्याकडे गुळाच्या पाण्यात मिरे-वेलची घालून केलेले पानकम आणि भिजवलेल्या मूगडाळीचे वडपप्पु, तर आपल्याकडे सुंठवडा. आपले मूल दोन्ही वाट्या पुढे ठेवून चव घेऊ लागले, की 'आमच्यात याला असे म्हणतात' हे वाक्य त्याच्या तोंडी येते. मराठी आपली आहे, हे त्याला तिथे उमगते. एरवी आम्ही ते वर्षभर सांगत असतो आणि त्याला ते पटत नाही.

हे काम मुलींपुरते ठेवू नये, हे या सभेत सांगण्याची गरज नसावी, तरी सांगते. आणि कृपा करून या वेळी मुलाची परीक्षा घेऊ नका. 'सोलणे म्हणजे काय?' असे विचारण्याऐवजी 'हे केळे सोलून दे गं' एवढेच म्हणा. हाताशी छायाचित्रे काढण्याचे यंत्रही नको, कारण मूल मग पदार्थाकडे न पाहता तुमच्याकडे पाहू लागते.

बालवर्गात दर शनिवारी शेवटच्या तासाला असा एक पदार्थ करण्याचे आम्ही या वर्षापासून ठरवले आहे. आजी-आजोबांपैकी कोणी येऊन मुलांत बसणार असतील, तर त्यांचे स्वागत आहे. त्यांच्याजवळ आमच्यापेक्षा अधिक शब्द आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या घरी पितळी वाट्या, लाकडी रवी, लहान परात, खलबत्ता असे काही पडून असेल, तर ते शाळेकडे द्यावे. विळी मात्र नको.