रुग्णाच्या नोंदीचे दायित्व कोणाचे?



कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात लोकांच्या तोंडी असलेले सीपीआर, हे केवळ या शहराचे नाही. चंदगड-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांपासून तळकोकण व सीमाभागापर्यंतचा गरीब रुग्ण येथे येतो. त्याच्याजवळ पैसा नसतो, ओळख नसते. असतो तो केसपेपर. शासकीय रुग्णालयांतून हा कागद आता संगणकात जात आहे. त्याचे रक्षण हा केवळ संगणक कक्षाचा प्रश्न उरलेला नाही.

2022 च्या जुलैमध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कंत्राटी कंपनीची संगणक सेवा थांबली आणि पुन्हा हाताने कागद लिहिण्याची वेळ आली. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, देशातील अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागदावर कारभार चालवावा लागला. तत्पूर्वी मे 2017 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेलाही असाच तडाखा बसला होता. त्यानंतर तेथे प्रत्येक रुग्णालय संस्थेच्या संचालक मंडळातील एका वरिष्ठ व्यक्तीवर माहितीच्या सुरक्षेचे दायित्व नावानिशी सोपवण्यात आले.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारे अमात्य आणि राजपत्रे तपासणारे सचिव यांना प्रधानपदाचा मान होता. दप्तर ही राज्याची स्मृती. ती केवळ कारकुनाच्या भरवशावर सोडायची नसते.

सीपीआरला कंपनीसारखे संचालक मंडळ नाही; अधिष्ठाता आहेत, अभ्यागत समिती आहे. खाटा, औषधे, स्वच्छता यांबरोबर त्यांच्या बैठकीत तीन प्रश्न यायला हवेत. नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती वेळेला उघडते का, हे कोणी तपासले आहे काय? यंत्रणा बंद पडल्यास रुग्णाच्या औषधांची नोंद डॉक्टरांना कशी मिळेल? कंत्राट संपल्यावर नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, काम कंत्राटदाराकडे दिले तरी, उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच ठेवले आहे.

गरजूला खाट मिळवून देणे ही सेवा आहे; त्याची नोंद सुरक्षित राहावी म्हणून पाठपुरावा करणे हीही सेवाच. उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव इतिवृत्तात लिहिले जाईपर्यंत कार्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारीत राहावे.