प्रलयाचं दुकान

(जठारपेठ, अकोला इथल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



देव आहे की नाही, हा वाद घालायला मी आज उभा नाही. मी बोलणार आहे एका धंद्यावर. जग बुडणार, तारीख ठरली, वाचायचं असेल तर माझ्या मागं या, असं सांगणाऱ्यांचा धंदा. आपण म्हणतो, येड्यांचा बाजार आहे, आपल्याला काय त्याचं? तिथंच आपण फसतो. या बाजारात येडा माणूस जात नाही. एकटा पडलेला माणूस जातो.

आधी आपल्याकडचं पाहू. १९६२ च्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखेला, मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले. अष्टग्रही! ज्योतिष्यांनी देशभर बोंब ठोकली की आता प्रलय. ठिकठिकाणी यज्ञ पेटले, माणसाच्या तोंडचं तूप आगीत गेलं. जरा हे आठ ग्रह मोजा. सूर्य हा तारा. चंद्र हा उपग्रह. केतू तर आकाशात नाहीच. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू. आठांतले तीन ग्रहच नव्हेत, आणि त्यांच्या भीतीनं देश थरथरला.

माझी आजी तेव्हा कापसाच्या जिनात रोजीनं जायची. ती सांगायची, "लोकायच्या चुली त्या दिवशी बंद होत्या बाप्पा. आमची तं रोजच बंद राहे. मंग आमाले कायचं भेव?"

सहा तारखेला सूर्य उगवला. यज्ञवाले लाजले का? नाही. म्हणाले, आमच्या यज्ञामुळंच टळलं. बुडालं तर आम्ही सांगितलंच होतं, नाही बुडालं तर आम्हीच वाचवलं. या दुकानाला तोटा म्हणून नाहीच.

आणि हा प्रलय कोणाचा? विष्णुपुराण उघडा, भागवत उघडा. कलियुग बुडायला आल्याच्या खुणा काय लिहिल्यात? वर्णांची घडी मोडेल. शूद्र उच्चासनावर बसून धर्म सांगतील. मग कल्की येईल, घोड्यावर बसून, तलवार घेऊन, आणि घडी पुन्हा बसवील. म्हणजे २० मार्च १९२७ ला महाडात आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तो यांच्या हिशेबानं जगबुडीचा पुरावा! त्यांचा प्रलय म्हणजे आपलं उठणं.

प्रलयाचं ओझं मात्र आपल्याच माथी. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर न्यायला महार. ग्रहण लागलं की 'दे दान सुटे गिऱ्हान' ओरडत दारोदार फिरायला महार-मांग. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी हा गाडा आपल्या खांद्यावरून उतरवला.

पण उतरवलेला गाडा दुसरा रंग लावून परत येतो. कधी कधी आपलीच भाषा बोलत येतो. म्हणून तुम्हाला जोन्सटाउन सांगतो.

अमेरिकेत जिम जोन्स नावाचा एक गोरा पाद्री होता. त्याचं 'पीपल्स टेंपल'. तो काय म्हणायचा? काळा-गोरा भेद नाही. गरीब-श्रीमंत भेद नाही. नुसता म्हणायचा नाही, करायचा. भुकेल्याला फुकट जेवण, म्हाताऱ्यांना निवारा, पोरांना कपडे. ज्या काळ्या बाईला कोणी बस म्हणत नव्हतं, तिला पहिल्या रांगेत खुर्ची. सांगा, तुम्ही गेला नसता? मी गेलो असतो.

पहिली पायरी भाकरीची असते, इज्जतीची असते. भीती दुसरी. जोन्सनं सांगितलं, १५ जुलै १९६७ ला अणुयुद्धानं जग जळेल. ती तारीख आली आणि गेली. टेंपल मोडलं नाही, उलट पुढं वाढत गेलं. कारण तोवर माणसं आपलं घरदार सोडून त्याच्या मागं आली होती.

तिसरी पायरी, हातातलं सगळं काढून घेणं. घर, जमीन, म्हाताऱ्यांचं पेन्शन. चौथी, गुपित काढून घेणं. सभेत उभं राहून आपली पापं कबूल करा, न केलेल्या गुन्ह्याच्या कागदावर सही करा. तो कागद पुढं गळ्यातला दोर होतो. पाचवी, दार बंद करणं. १९७७ मध्ये शेकडो माणसं दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नेली, पासपोर्ट गोळा केले. दिवसभर शेतात राबणं, आणि कर्ण्यावर जोन्सचाच आवाज. रात्री झोपेतून उठवून मरणाची तालीम. थकलेला, उपाशी, न झोपलेला माणूस विचार करू शकत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१८ नोव्हेंबर १९७८. त्या एका दिवशी ९१८ माणसं मेली. त्यात सुमारे ३०० लेकरं. सायनाइड घातलेलं सरबत आधी लेकरांच्या तोंडात पिचकारीनं सोडलं. भोवती बंदूकवाले. याला आत्महत्या म्हणायची? मेलेल्यांत बहुसंख्य काळे होते. समतेच्या शोधात निघालेले आपले भाऊबंद होते ते. आणखी एक कडू गोष्ट. ज्या ब्लॅक पँथरचं नाव आपण अभिमानानं घेतलं, त्यांच्या ह्यूई न्यूटननं आदल्या वर्षी रेडिओवरून जोन्सटाउनला पाठिंबा दिला होता. शहाणेही फसतात.

आता आपल्या वस्तीत या. एक पोरगा, नाव सांगत नाही. बी.ए. झालेला, नोकरी नाही. त्याचा बाप मेला तेव्हा एका बुवाची माणसं घरी आली. मौतीचा स्वयंपाक केला, मायच्या औषधाचे पैसे दिले. आपण गेलो नाही. आपली मोर्चाची तयारी चालली होती! वर्षभरात पोरगा सांगायला लागला, २१ डिसेंबर २०१२ ला जग संपणार. मोटारसायकल विकून पैसे तिकडं दिले. आमच्याशी बोलणं सोडलं.

बावीस तारखेला मी त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "काहून बे, आहे ना जग?" आणि हसलो. ती माझी चूक. ज्यानं पैसा दिला, दोस्त दिले, इज्जत दिली, त्याला 'चुकलो' हा शब्द सगळ्यांत महाग पडतो. माझ्या हसण्यानं तो आणखी महाग केला. पोरगा पुढची सहा वर्षं तिकडंच. त्याला परत आणलं त्याच्या बहिणीनं. दर रविवारी डबा घेऊन जायची. बुवाबद्दल एक शब्द नाही. एवढंच म्हणायची, "तुही खाट घरी तशीच हाये." एक दिवस आला आणि त्या खाटेवर झोपला.

कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो वापराच. पण कायदा बुवाला धरतो. बाप मेलेल्या पोराच्या घरी जाऊन बसत नाही. ते काम आपलं.

शेवटचं, आणि हे आपल्याच अंगावर येणारं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. तो इशारा फक्त बुवांसाठी नव्हता. आपल्या पुढाऱ्यांसाठी होता, आपल्या संघटनेसाठी होता, आज या माइकवर बोलतोय त्या माझ्यासाठीही होता.

म्हणून कोणत्याही टोळीत शिरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मला इथं उलटा प्रश्न विचारता येतो का? पैशाचा हिशेब उघड्यावर मांडतात का? आणि उद्या मी सोडून गेलो, तर हे माझ्याशी बोलतील का? एकाचंही उत्तर नाही आलं तर उठा. ती टोळी बुवाची असो नाहीतर निळ्या झेंड्याची.

जग बुडवायला ग्रह लागत नाहीत. वस्तीतला एक माणूस एकटा पडला की त्याचं जग बुडतं. तिथं बुवाच्या आधी आपण पोचलं पाहिजे.

आता प्रश्न विचारा. माझ्यापासूनच सुरुवात करा.

जय भीम!