शेवया आणि त्यांची इटलीतील भावंडे



वैशाखाचे ऊन तापू लागले, की बुलढाणा जिल्ह्यातील कित्येक घरांतून शेवयांचे पाट बाहेर निघतात. गहू ओलवून दळावयाचा, त्याचा रवा व सपीट निराळे करावयाचे, कणीक तिंबून मुरू द्यावयाची, आणि मग पाटावर तळहाताने ती सुतासारखी ओढीत न्यावयाची, हा क्रम आपल्या आयाबहिणींना नवा नाही. परंतु हेच काम दूर इटलीतही शतकानुशतके चालत आले आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

इ. स. ११५४ मध्ये अल्-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने सिसिलीतील त्राबिया गावी पिठाचे वाळवलेले तंतू तयार होऊन दूरदूरच्या प्रदेशांत रवाना होतात, असे नमूद केले. म्हणजे मार्को पोलोने १२९५ साली चीनहून परतताना हा पदार्थ इटलीत आणला, ही लोकप्रिय कथा टिकत नाही.

दोन्हीकडील आकार शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. आपल्या शेवयांना तिकडे ‘वर्मिचेली’, म्हणजे बारीक अळ्या, म्हणतात. अंगठा व तर्जनी यांमध्ये पीठ वळून केलेला गव्हला गव्हाच्या दाण्यासारखा. तिकडील ‘ओर्झो’ जवाच्या दाण्यासारखा. आपल्या फणोळ्या फणीवर दाबून उमटवितात. रोमान्या प्रांतातील ‘गार्गानेल्ली’ही फणीवरच वळतात. विदर्भातील सरगुंडे काडीभोवती गुंडाळतात. कालाब्रियात त्यासाठी लोखंडी सळई घेतात. बारी शहरातील स्त्रिया अंगठ्याने दाबून ‘ओरेक्किएत्ते’, म्हणजे इवलेसे कान, घडवितात. आपल्याकडे नखाने नखुले होतात.

हे आकार केवळ हौसेचे नव्हेत. पोकळी, खाच आणि रेघ यांत दूध वा रस्सा धरून राहतो. जाडीवर शिजण्याचा वेळ ठरतो. वाळवणाचेही शास्त्र आहे. बाहेरचे अंग झपाट्याने सुकून आतले ओलसर राहिले, तर तंतूला तडे जातात. म्हणूनच नेपल्सनजीकच्या ग्रान्यानो गावाने समुद्र व डोंगर यांवरून येणाऱ्या वाऱ्यांच्या आधारे आपला धंदा उभारला. धान्याचेही तसेच. तिकडे कठीण दाण्याचा डुरम गहू लागतो. आपला बन्सी गहू त्याच जातीचा.

मग भेद कोठे पडला? इटलीत या वस्तूचा व्यापार झाला. १९६७ च्या कायद्याने तेथील सुका पास्ता डुरम गव्हाचाच असावा, असे ठरविले. २०१३ साली ग्रान्यानोच्या पास्त्याला युरोपीय संघाचे नामसंरक्षण मिळाले. आपल्याकडे मात्र गव्हले, मालत्या, नखुले रुखवतात मांडले गेले, वाखाणले गेले, आणि ज्या बोटांनी ते वळले त्यांच्या श्रमाचे मोल कोणी मांडले नाही.

यंत्राने शेवया सोप्या केल्या, हे चांगलेच झाले. पाटावर दुखणाऱ्या खांद्यांना विसावा मिळाला. पण यंत्र तोच आकार काढते, ज्याला गिऱ्हाईक असते. बाकीचे आकार ज्यांच्या बोटांत आहेत त्यांच्याबरोबरच ते जातील. आज महिला बचत गट शेवया विकून चार पैसे मिळवितात. त्यांच्याकडे आपण गव्हले व सरगुंडेही मागावेत, आणि घासाघीस न करता त्यांचा दाम द्यावा. घरच्या लेकींप्रमाणेच लेकांनाही ते वळावयास बसवावे. जी कला वाखाणली जाते पण जिला मोल दिले जात नाही, ती फार दिवस कोणाच्या हाती राहत नाही.