माग कोणाचा आणि ठरवतं कोण?

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या मोहल्ल्यात रविवारी मुलांचे वर्ग घेता. गणित, इंग्रजी चालू असताना एखादं मूल मध्येच असा प्रश्न विचारतं की आपली तारांबळ उडते. माझी कशी उडाली ते सांगतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. नोकरी सॉफ्टवेअरची, राहायला पुण्यात. गावी गेलो की गल्लीतली दहा-बारा मुलं जमवतो. एकदा संविधानाची उद्देशिका वाचत होतो. सातवीतली एक मुलगी ‘समाजवादी’ या शब्दापाशी अडली. म्हणाली, “भाई, समाजवादी म्हणजे कुठल्या समाजाचा? आपल्या की त्यांच्या?” शेजारचा पोरगा लगेच म्हणाला, “अगं, तो सायकलवाला पक्ष!”

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या मुलीचं काय चुकलं? आपण उठता-बसता ‘मुस्लिम समाज’, ‘मराठा समाज’, ‘जैन समाज’ असंच बोलतो. तिला ‘समाजवादी’ हा शब्द ‘जमातवादी’सारखाच वाटला. खरं तर दोघांची तोंडं उलट्या दिशांना आहेत. जमातवादी विचारतो, तू कोणाचा? समाजवादी विचारतो, हे सगळं कोणाचं, आणि ते कष्ट करणाऱ्याच्या वाट्याला किती येतं?

हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी सोपा रस्ता धरला. म्हटलं, “एकाकडे दहा चॉकलेटं आहेत, बाकीच्यांकडे एकही नाही. त्यानं सगळ्यांना वाटली, हा समाजवाद.” एक मुलगा म्हणाला, “म्हणजे जकात!”

मी गप्प झालो. जकातीला मी कमी लेखत नाही. ज्याची संपत्ती ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यानं वर्षाकाठी अडीच टक्के गरजूंना द्यायचे, आणि ते उपकार म्हणून नव्हे, फर्ज म्हणून. ही मोठी गोष्ट आहे. पण जकात दिल्यावरही कारखाना ज्याचा होता त्याचाच राहतो. समाजवादाचा प्रश्न वाटपाच्या आधी सुरू होतो. चॉकलेटचा कारखाना कोणाचा, तिथे राबतं कोण आणि कुणाला किती मिळणार हे ठरवतं कोण? चॉकलेटाच्या उदाहरणातून मुलं दानत शिकतात, समाजवाद शिकत नाहीत.

बाहेर मागांचा खडखडाट चालूच होता. मी विचारलं, “हा माग कोणाचा?” “शेठचा.” “चालवतं कोण?” “अब्बा.” “विणलेलं कापड कोणाचं?” “शेठचं.” “मीटरला किती पैसे हे कोण ठरवतं?” “शेठच.” तेवढ्यात एकजण म्हणाला, “आमच्या घरचे चार माग आहेत, पण आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, मजुरीही तोच ठरवतो. मग आम्ही शेठ की कामगार?” या प्रश्नावर मोठमोठी पुस्तकंही अडखळतात, हे मी त्याला खरंखरं सांगितलं. मग फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. पहिला, मालकी कोणाची? दुसरा, ठरवतं कोण?

या दोन प्रश्नांवर समाजवादाचे सगळे प्रकार मुलांना समजतात. आपल्या मुलांना तर लवकर समजतात, कारण ही गोष्ट बरीचशी कापडाच्या गावांतच घडली.

स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कला रॉबर्ट ओवेन सूतगिरणी चालवायचा. दहा वर्षांखालच्या मुलांना त्यानं कामावर घेणं बंद केलं आणि १८१६ मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. मालक भला होता, पण मालकी आणि निर्णय त्याच्याच हातात होते. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात २८ जणांनी थोडे थोडे पैसे घालून किराणा दुकान काढलं. त्यांत विणकरही होते. दुकान सभासदांचं आणि प्रत्येकाला एक मत. हा सहकारी समाजवाद. सहकार आपल्या जिल्ह्यात नवा नाही. मुलं म्हणाली, “पण आपल्याकडच्या सोसायटीत तर एकच साहेब सगळं ठरवतात!” बघा, दुसरा प्रश्न त्यांनी स्वतःच वापरला.

मँचेस्टरच्या ज्या सूतगिरणीत फ्रेडरिक एंगेल्स काम करायचा, तिच्यात त्याच्या वडिलांची भागीदारी होती. तिथल्या कामगारांचे हाल पाहून त्यानं पुस्तक लिहिलं. १८४८ मध्ये त्यानं आणि कार्ल मार्क्सनं साम्यवादाचा जाहीरनामा काढला. त्यांचं म्हणणं असं, की भल्या मालकाची वाट पाहू नका, कामगारांनी एकजूट करून मालकीच बदलावी. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. कारखाने आणि जमिनीही सरकारच्या ताब्यात गेल्या. शाळा, दवाखाने वाढले. पण ‘ठरवतं कोण?’ याचं उत्तर ‘एकच पक्ष’ असं झालं. १९३० नंतरच्या दुष्काळात कझाकस्तानात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. त्यांत बहुसंख्य मुस्लिम कझाक पशुपालक होते, कारण त्यांची गुरं सरकारनं काढून घेतली होती. १९४४ मध्ये क्रिमियाच्या अख्ख्या तातार समाजाला उचलून हजारो मैल दूर नेऊन टाकलं. हे मुलांपासून लपवू नका. मालकी सगळ्यांची म्हटली आणि प्रश्न विचारण्याचा हक्कच काढून घेतला, तर काय होतं ते त्यांना कळायला हवं.

तिसरी वाट लोकशाही समाजवादाची. निवडणूक, वर्तमानपत्रं, विरोधी पक्ष सगळं राहू द्यायचं आणि ज्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही ते बाजारावर सोडायचं नाही. ब्रिटननं १९४८ मध्ये करांच्या पैशातून सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. दवाखान्याच्या दारात खिसा तपासायचा नाही.

आपल्याकडे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात रुजली. त्याच्या संस्थापकांत जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन यांच्याबरोबर युसुफ मेहेरअली होते. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते, आणि ‘चले जाव’ची मूळ घोषणा त्यांचीच मानली जाते. पुढे राममनोहर लोहियांनी सांगितलं, की इथे मालकीबरोबर जातीचा आणि बाईचाही प्रश्न घ्यावा लागेल. त्यांच्या सप्तक्रांतीत पहिली क्रांती स्त्री-पुरुष समतेची आहे.

आता उद्देशिकेतला शब्द. तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि सांगितलं, की त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता, खाजगी उद्योगांना बंदी नव्हे.

घरी गेल्यावर एखादे चाचा म्हणतील, “हे नास्तिकांचं खूळ पोरांच्या डोक्यात भरू नका.” त्यांच्याशी भांडू नका. त्यांना मौलाना हसरत मोहानींबद्दल सांगा. ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा देणारे, अनेकदा हजला जाऊन आलेले हे मौलाना १९२५ मध्ये कानपूरच्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष होते. कुणी समाजवाद मानावा किंवा मानू नये, पण आपल्या माणसांना तो परका नव्हता.

वर्ग संपता संपता तीच सातवीतली मुलगी म्हणाली, “भाई, आमची अम्मी कांड्या भरते. तिची मजुरी अब्बांच्या पगारात धरतात. वहीत अम्मीचं नावच नाही. मग ठरवतं कोण?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या अम्मीनंही वर्षानुवर्षं कांड्या भरल्या. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनही गेली. पुण्यात मी समतेवर भाषणं ऐकली, दिली. अम्मीला कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. म्हणाली, “अंगठा नको, मला सही येते, असं सांगायची तयारी होती माझी. पण वही माझ्यासमोर कुणी आणलीच नाही.”

हमीद दलवाई समाजवादी चळवळीत वाढले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध त्या बोलल्या. घराच्या आत कोण ठरवतं, हाच त्यांचाही प्रश्न होता. कारखान्यात समता मागायची आणि उंबऱ्याच्या आत विषय बंद करायचा, हे मुलांना पटत नाही. ती लगेच पकडतात.

म्हणून साथींनो, येत्या रविवारी मुलांना व्याख्या पाठ करायला लावू नका. फळ्यावर दोन प्रश्न लिहा आणि त्यांना घरी, दुकानात, कारखान्यात, मशिदीच्या कमिटीत ते विचारून यायला सांगा. उत्तरं घेऊन आली की ऐका. आणि त्याआधी आपल्या घरची वही एकदा स्वतः उघडून बघा. मी उघडली आहे. अम्मीचं नाव त्यात अजून नाही. त्यासाठी शेठकडे कधी आणि कसं जायचं, हे या वेळी अम्मी ठरवणार आहे.

जिंदाबाद!