चर्चने मानलेला नवरा



रोमन साम्राज्यात प्रेमावर पहारा होता, पण तो मुख्यतः बाईच्या दारात. मालकाने आपल्या गुलाम बाईला वापरले तर गुन्हा नव्हता. सामान्य नागरिकाला तिला मुक्त करून तिच्याशी लग्नही करता येई. मात्र स्वतंत्र बाई दुसऱ्याच्या गुलामाबरोबर, त्याच्या मालकाच्या मर्जीविरुद्ध राहिली, तर इ.स. ५२ च्या ठरावाप्रमाणे ती स्वतःच त्या मालकाची गुलाम होई. सिनेटरच्या मुलीला तर गुलामीतून सुटलेल्या पुरुषाशीही लग्न करण्याची बंदी होती. आपल्याकडचा 'प्रतिलोम' विवाहावरचा राग आठवा. जात आणि गुलामी एक नव्हेत, पण कुळाची अब्रू बाईच्या अंगावर ठेवायची रीत तीच.

अशा काळात, सुमारे इ.स. २१७ मध्ये, कॅलिस्टस रोमचा बिशप झाला. तो स्वतः पूर्वी गुलाम होता. सार्डिनियाच्या खाणीत त्याने सक्तमजुरी भोगली होती. सम्राट कॉमोडसची सहचरी मार्सिया हिने तिथल्या ख्रिस्ती कैद्यांसाठी खटपट केली, म्हणून तो सुटला. त्याने भूमिका घेतली, की उच्च कुळातल्या एकट्या बाईने गुलाम किंवा गरीब पुरुष निवडला, तर कायदा काहीही म्हणो, चर्च त्याला तिचा नवरा मानेल.

हे आपल्याला कळते ते त्याच्या विरोधकाच्या, बहुधा हिप्पोलिटसच्या, लिखाणातून. तो चिडून सांगतो, की या बायका गुलामाचे मूल नको म्हणून औषधे घेतात, पोट आवळून बांधतात. तो याला खून म्हणतो आणि दोष बायकांना व कॅलिस्टसला देतो. ज्या कायद्याला आणि कुळाला त्या भीत होत्या, त्यांना नाही.

त्याचे म्हणणे खरे धरले, तर त्या बाईची कोंडी पाहा. चर्चमध्ये ती बायको, कायद्यापुढे कोणीच नाही. मूल जन्मले की सारे उघड. तिला मान्यता मिळाली, संरक्षण नाही.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या कॉन्स्टंटाइनने कायदा केला, की स्वतःच्या गुलामाशी संबंध ठेवणाऱ्या बाईला देहदंड आणि त्या गुलामाला जिवंत जाळणे. धर्म सिंहासनापाशी पोचला, बाईच्या दारातला पहारा उठला नाही.

त्या बायकांपैकी एकीचाही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. म्हणून स्वतःला विचारू या. मनाने जोडीदार निवडलेल्या मुलीच्या गळ्यात हार घातला, की आपले काम संपते का? तिचे घर, तिची मिळकत, तिच्या पोटातले मूल, यांची जबाबदारी कोणाची?