कुटकीची लागवड



वैद्यांकडील आरोग्यवर्धिनीची गोळी महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचित आहे. तिचा कडूपणा प्रामुख्याने कुटकीचा. ही कुटकी सह्याद्रीत होत नाही. हिमालयात सुमारे ३,००० मीटर उंचीच्या वर, वृक्षांची हद्द संपते तेथील थंड कुरणांत ही बहुवर्षायू वनस्पती जमिनीलगत पसरते. पाने दातेरी, फुलांचे तुरे लहान. औषधी गुण मात्र जमिनीतील खोडात व मुळांत. त्यामुळे ती खुडली जात नाही, समूळ उपटली जाते. अशा उपशाने तिचे रानातील अस्तित्वच धोक्यात आले. १९९७ साली वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश झाला.

परंतु केवळ निर्बंधांनी मागणी थांबत नाही. लागवड हाच त्यावरील खरा उपाय होय. उत्तराखंडात श्रीनगर-गढवाल येथील उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राने या दिशेने काम केले आणि चमोली जिल्ह्यातील घेस गावच्या शेतकऱ्यांनी कुटकी आपल्या शेतात आणली.

लागवडीची रीत साधी, पण चिकाटीची आहे. बी अतिशय बारीक असल्याने ते वाफ्यात वरच्यावर पेरून मातीचा पातळ थर द्यावा लागतो. त्यापेक्षा डोळे असलेले खोडाचे तुकडे लावणे सोपे. जमीन भुसभुशीत, रेतीमिश्रित व उताराची असावी. तीत कुजलेला पालापाचोळा मिसळावा. दोन रोपांत सुमारे ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. ओलावा हवा, पण पाणी साचता कामा नये. साचल्यास मुळे कुजतात. रोप ठेंगणे असल्याने तण त्यास झाकून टाकते, म्हणून निंदणीत हयगय करू नये. हिवाळ्यात पाने वाळतात. रोप मेले असे समजून वाफा मोडू नये. बर्फ वितळताच नवे कोंब येतात.

साधारण तिसऱ्या वर्षी, बी पक्व झाल्यावर, शरद ऋतूत काढणी करतात. मुळे धुऊन सावलीत वाळवितात. याच वेळी डोळे असलेले काही तुकडे पुन्हा जमिनीत लावले, तर रानाकडे हात पसरावा लागत नाही. मातीचा वाटा मातीस परत देणे, हेच या शेतीचे मर्म होय.

महाराष्ट्राच्या उष्ण हवेत हा प्रयोग करणे व्यर्थ आहे. तथापि येथील जबाबदारी त्यामुळे संपत नाही. औषधांच्या खरेदीत कुटकी लागवडीची आहे की रानातून उपटलेली, याची विचारणा अधिकाऱ्यांनी करावी. गोळीमागील वनस्पतीची ओळख शिक्षकांनी विद्यार्थ्यांस करून द्यावी. आपल्या शिवारातील औषधी वनस्पतींनाही हाच न्याय लावणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे. तीन वर्षे वाट पाहण्याची तयारी ज्या गावात असते, तेथेच असे धन टिकते.