न घडलेल्या गोष्टींचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

‘तरुणांतील हिंसा आणि लहान संस्थांचे कार्य’ हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय गंभीर आहे. आणि तो मांडणारा मनुष्य समाजशास्त्रज्ञ नाही, पोलीस अधिकारी नाही, की कोणी थोर समाजसेवकही नाही. पैठण तालुक्यात, पाचोडच्या पंचक्रोशीत एक लहानसे मंडळ काम करते. त्या मंडळाची कीर्दखतावणी गेली काही वर्षे मी लिहीत आलो आहे, एवढाच माझा अधिकार. तेव्हा मी जे सांगणार आहे ते हिशेबनिसाच्या दृष्टीने सांगणार आहे, आणि त्यात जो रुक्षपणा येईल त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागून ठेवतो.

पाचोड हे गाव छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. मोसंबीच्या बाजारामुळे त्याचे नाव व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. हमरस्त्यालगतच्या कोणत्याही गावी सायंकाळी जे दृश्य दिसते, ते आमच्या भागातही दिसते. शेतातील काम आटोपलेली, शाळा सुटलेली, किंवा शाळाच सोडून दिलेली पंधरा ते वीस वर्षांची मुले चहाच्या टपरीभोवती मोटारसायकलींना टेकून उभी असतात. ही मुले वाईट नसतात. त्या वेळी त्यांना जावयास जागा नसते, इतकेच. पूर्वी तालमीत अशा मुलांवर वस्तादाची नजर असे आणि अंगातील रग आखाड्याच्या मातीत जिरत असे. पुष्कळ गावांतून तालीम ओस पडली. वस्तादाची जागा मात्र कोणी घेतली नाही.

आमच्या मंडळाने केले ते इतकेच की, शाळेच्या ओसरीवर आठवड्यातून पाच दिवस, सायंकाळी सात ते आठ, मुलांचा एक वर्ग चालविला. वर्गावर एक ताई आणि गावातलाच एक जाणता तरुण. थोडा खेळ, थोडे वाचन, आणि पुष्कळसे बोलणे. राग कशाचा येतो, मित्राने चिथावले म्हणजे नाही कसे म्हणावे, मुलीने नकार दिला तर तो आपला अपमान का समजू नये, बापाने आईवर हात उगारला तर मुलाने काय करावे, असे त्या बोलण्याचे विषय.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. डॉ. अशोक दयालचंद यांनी उभारलेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ ही संस्था पाचोड येथेच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या संस्थेने आसपासच्या खेड्यांतील अविवाहित मुलींसाठी वर्ग काढले. रोज सायंकाळी एक तास, वर्षभरात असे २२५ तास, हा त्यांचा क्रम. आणि शिकविणाऱ्या स्त्रिया गावातल्याच, थोड्या शिकलेल्या. १९९७ ते २००१ या काळात त्या खेड्यांतील मुलींच्या लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ वर गेले. ऐकणाऱ्याला ही वाढ क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या वयात नको असलेला संसार गळ्यात पडतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर मारही, त्या वयात मुलीला बारा महिने अधिक माहेरी मिळणे म्हणजे काय, हे घरोघरीच्या माताभगिनींना मी सांगावयास नको.

हिशेबनीस म्हणून मला यात दुसरीच एक गोष्ट विशेष वाटते. या संस्थेने मोजली ती न घडलेली गोष्ट होती: त्या वर्षी न झालेले लग्न. आणि ती मोजता यावी म्हणून वर्ग नसलेल्या खेड्यांतील लग्नेही त्यांनी शेजारी मांडून पाहिली. येथेच आमच्यासारख्या लहान मंडळाची अडचण सुरू होते. शाळा आपल्या अहवालात उत्तीर्ण विद्यार्थ्यांची संख्या देते. दवाखाना रोग्यांची देतो. आम्ही जमेच्या बाजूस काय लिहावे? ‘अमुक तारखेस चावडीपुढे मारामारी झाली नाही’ असे लिहिले, तर त्या पावतीवर सही कोणाची घ्यावयाची? तुलनेसाठी वीस खेडी पाहावयास आमच्याजवळ माणसे नाहीत आणि पैसाही नाही.

देणगीदाराचेही नवल वाटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचा दोन टक्के भाग लोकोपयोगी कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या खर्चाचे फळ त्यांना कागदावर दाखवावे लागते. आमच्या वर्गाला अशाच एका देणगीदाराने वर्षभर साह्य केले. वर्ष संपताच विचारणा झाली की, वर्गाने नेमके काय साधले? त्यापेक्षा हिंसाविरोधी फेरी काढा, हजार मुलांना शपथ द्या, तिची छायाचित्रे पाठवा. आम्ही फेरी काढली. घोषणा झाल्या, टोप्या वाटल्या, छायाचित्रे उत्तम निघाली. पैसे फेरीवर खर्च झाले आणि ताईचे मानधन देण्यास काही उरले नाही. आषाढात वर्ग बंद झाला. ‘दिवाळीनंतर पाहू’ असे आम्ही ठरविले, आणि ठरावावर इतर सभासदांबरोबर माझीही सही आहे.

भाद्रपदात, गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री, मिरवणुकीत कोणाचा ताशा पुढे राहावयाचा या वादावरून दोन मुले भिडली. एकाच्या हातातील कडे दुसऱ्याच्या डोळ्यावर बसले. तो डोळा गेला. ज्याने मारले तो मुलगा आमच्या वर्गात दोन वर्षे येत होता.

पुढे काही दिवसांनी त्याची व माझी भेट झाली. मी उपदेश करावयाचा या तयारीने गेलो होतो. त्यानेच मला विचारले, “काका, वर्ग कधी सुरू होणार?” मग खाली मान घालून तो म्हणाला, “ताशाचं नंतरचं. आमचं तीन आठवड्यांपासून चाललं होतं. त्यानं मोबाईलवर माझ्या बहिणीबद्दल काही लिहिलं होतं. सगळ्या पोरांना माहीत होतं. वर्ग असता तर ताईंना सांगितलं असतं.”

श्रोतेहो, वर्ग असता तर तो डोळा वाचला असता, असे मी म्हणणार नाही. तसे सिद्ध करणे कोणालाच शक्य नाही. परंतु त्या मुलाने मला जे शिकविले ते मी कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. वर्तमानपत्रात आपण वाचतो, ‘क्षुल्लक कारणावरून हाणामारी’. कारण क्षुल्लक नसते, आणि ते त्या क्षणीचेही नसते. भांडण हे पिकासारखे असते. ते पेरले जाते, उगवते, वाढते, आणि कापणीच्या दिवशी तेवढे आपल्याला दिसते. मधले तीन आठवडे साऱ्या पोरांना ठाऊक असतात आणि एकाही मोठ्या माणसाला ठाऊक नसतात. लहान संस्थेचे खरे काम त्या तीन आठवड्यांत आहे. आणि त्या दिवसांत जो रोज हजर असतो, त्याच्याच कानावर ती गोष्ट येते; वर्षातून एकदा घोषणा देऊन जाणाऱ्याच्या कानावर ती कधीही येत नाही.

हाच अनुभव दूरच्या देशातही आलेला आहे. अमेरिकेत शिकागो शहरी डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० साली तरुणांमधील गोळीबार थांबविण्याचे काम आरंभिले. त्यांनी पूर्वी क्षय आणि पटकी या रोगांच्या साथींवर काम केले होते. हिंसाही साथीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असे त्यांनी मानले. साथीत ज्याप्रमाणे प्रथम लागण झालेल्या घरी जावे लागते, त्याप्रमाणे त्यांनी त्याच मोहल्ल्यातील, मुलांच्या ओळखीची माणसे नेमली. सूड शिजत असल्याची कुणकुण लागताच त्यांनी जावयाचे आणि हात उगारला जाण्यापूर्वी बोलावयाचे.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. १९९१ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एक लहानशी जाहिरात आली. पत्नीला मारहाण करणे अयोग्य मानणारे पुरुष हवे आहेत, असा तिचा आशय होता. तिला २०५ पुरुषांनी उत्तरे पाठविली, आणि त्यांतून १९९३ साली ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. प्रौढ पुरुषांपासून निघालेली ही संस्था २००६ पासून ‘युवा मैत्री’ या उपक्रमाने महाविद्यालयांतील तरुणांकडे वळली. नवऱ्याचा हात धरण्यापेक्षा मुलाशी बोलणे आधी हवे, हेच त्यातून दिसते.

आता आमच्या मंडळाने पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. कोणास असे काम आरंभावयाचे असल्यास त्याचा उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट, ताईचे तीन महिन्यांचे मानधन शिलकेत असल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला पैसा द्यावयाचा नाही, असा ठराव आम्ही केला. ३१ मार्चला हिशेब बंद करून धर्मादाय आयुक्तांकडे पाठविण्यापूर्वी तो आम्ही गावापुढे वाचून दाखवितो. त्यात ताईचे मानधन ‘व्यवस्था खर्च’ म्हणून लपवीत नाही. काम म्हणतात ते हेच, असे उघड सांगतो.

दुसरी गोष्ट, आम्ही एक वही ठेवली. मुले तिला ‘कुरबुरींची वही’ म्हणतात. कोणत्या तारखेस कोणती कुरबुर कानावर आली, कोण बोलावयास गेले, आणि महिन्याभराने तिचे काय झाले, एवढेच तीत लिहावयाचे. नावे लिहावयाची नाहीत. ही वही हाच आमचा जमाखर्च. तीत काही रकान्यांपुढे ‘मिटले’ असे आहे, काहींपुढे ‘अजून चालू’ असे आहे, आणि काहींपुढे ‘आपल्याला उशीर झाला’ असेही आहे. तो शेवटचा शेरा आम्ही खोडीत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. मुलाने विश्वासाने सांगितलेले आपण कोणास सांगावे? आम्ही पोलिसांचे खबरे झालो तर दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी पडेल. परंतु सर्वच गुपिते राखावयाची असे म्हणून चालत नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली असता ती पोलिसांस कळविणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने प्रत्येकास बंधनकारक आहे. कोणाच्या जिवावर बेतत असेल तेव्हाही गप्प बसणे पाप आहे. म्हणून ताई पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगतात की, ‘तुमचे बोलणे येथेच राहील, या दोन गोष्टी मात्र राहणार नाहीत.’ आधी सांगितलेली मर्यादा मुले मान्य करतात. मागाहून झालेला विश्वासघात ती कधी विसरत नाहीत.

आमच्या भागात नाथांची एक आख्यायिका घरोघर सांगतात. गोदावरीवर स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक मनुष्य थुंकला. नाथ पुन्हा स्नानास गेले; तो पुन्हा थुंकला. असे कितीतरी वेळा झाले, आणि अखेर तोच लज्जित होऊन पायांवर पडला. आपण ही कथा नाथांच्या क्षमेसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र तीत आता आणखी एक गोष्ट पाहतो. नाथांनी वाट बदलली नाही. पुन्हा त्याच घाटावर, त्याच पायऱ्यांवरून, त्याच माणसासमोर ते गेले. क्षमा एका क्षणात करता येते. रोज त्याच वाटेने जाणे अधिक कठीण आहे.

नाथांची शांती आमच्यासारख्यांच्या आवाक्यातील नव्हे. सायंकाळी सात वाजता ओसरीवरील दिवा लावणे मात्र कोणालाही शक्य आहे. कार्तिकात आमचा वर्ग पुन्हा सुरू झाला. तो मुलगा येतो. ज्याचा डोळा गेला तो येत नाही. ताई त्याच्या घरी जातात, आणि त्याची आई अजून त्यांना ‘बसा’ म्हणत नाही. वहीत त्यापुढे ‘अजून चालू’ असे लिहिले आहे.

शहरातील सुशिक्षित घरांतून हे भाषण ऐकले जात असेल. आपल्यापैकी कोणी एखाद्या लहान संस्थेस साह्य करीत असेल, किंवा करावयाच्या विचारात असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. तिला छायाचित्रे मागू नका. तिचा वर्ग कोणत्या वारी, किती वाजता भरतो ते विचारा, आणि एखाद्या पावसाळी सायंकाळी, न कळविता, तेथे जाऊन बसा. दिवा लागलेला दिसला आणि चार मुले बोलत असलेली दिसली, तर आपला पैसा योग्य ठिकाणी गेला असे समजावे. त्या सायंकाळी तेथे काय घडले नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि कळण्याची आवश्यकताही नाही.